एकोणीस सारख्या संध्याकाळी

१

ऑगस्टच्या पाच तारखेपासून तेवीस तारखेपर्यंत निंबगावात एकच संध्याकाळ एकोणीस वेळा झाली होती. निदान कॉलेजच्या संगणकात तरी.

हे पकडलं ते हैदराबादहून प्रकल्प तपासायला आलेल्या बाईंनी. एकोणीस दिवसांच्या एकोणीस फायली, वर तारीख वेगळी, आत शेवटच्या आकड्यापर्यंत सगळं सारखं. कापसाचं एक पान वाऱ्यानं दोनदा सारखं हलत नाही. इथं अख्खं शेत एकोणीस दिवस सारखं हललं होतं. आणि त्या सगळ्या फायली होत्या चार ऑगस्टच्या फायलीची नक्कल.

"फसवणूक आहे, सरळ," डॉ. विनय चिंतलवार म्हणाले. आदिलाबादच्या त्या खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयात ते प्रकल्पाचे प्रमुख. समोर बसले होते धम्मपाल नगराळे, वय चौसष्ट, पोलीस वायरलेसमधून निवृत्त झालेले सब-इन्स्पेक्टर. चौकशी समितीवर बाहेरचा एक माणूस लागतो, आणि त्यांचं नाव खुद्द चिंतलवारांनीच सुचवलं होतं.

"माझंच नाव काऊन, सर?" धम्मपालांनी विचारलं. "मी जुन्या सेटवाला माणूस. तुमचं हे मले किती समजन?"

"समजायला फार काही नाही. शिवाय मुलगा तुमच्याच समाजाचा आहे. तुम्ही विचारलंत तर तोंड उघडेल. आणि उद्या कोणी म्हणायला नको, की एकट्याला गाठून काढला."

धम्मपालांनी हे ऐकलं आणि बाजूला ठेवलं. सेटवर आलेला मजकूर आधी पूर्ण उतरवून घ्यायचा, अर्थ मागाहून लावायचा, ही त्यांची चौतीस वर्षांची सवय.

चिंतलवारांनी प्रयोग समजावला. निंबगाव जैनथ मंडलात, पैनगंगेच्या काठी. तिथं एका गोदामाच्या छतावर एका ओळीत सोळा अँटेना. एकटी अँटेना चारी दिशांना सारखीच ओरडते. सोळा जणी मिळून, जराशा मागंपुढं बोलल्या, की आवाज हवा त्या एकाच दिशेला झुकतो. तोच आवाज गावाला इंटरनेट देतो, आणि वाटेत कशावर आपटून परत आला तर तिथं काय आहे तेही सांगतो. निरोप आणि नजर एकाच लाटेवर. रोज संध्याकाळी सहाला चाळीस मिनिटं ही नजर कापसाच्या शेताकडे वळवायची. गावातल्या राहीबाई ठरलेल्या रेघेवरून पिकातून चालणार, आणि त्या यंत्राला दिसतात का ते नोंदवायचं. पुढं याच जोरावर पिकात रानडुक्कर आहे की माणूस, हे ओळखायचं.

"आणि दिसतात?"

चिंतलवारांनी अहवाल उघडला. निळ्या चौकोनात एक लखलखीत पांढरा ठिपका, रेघ धरून चाललेला. "चार ऑगस्ट. आमची सर्वोत्तम नोंद. छातीइतक्या कापसात, अंगावर धातूची एकही वस्तू नसताना माणूस दिसतोय. खाली तसं लिहिलंच आहे मी. हीच फाईल त्या मुलानं पुढं एकोणीस वेळा चिकटवली."

"त्या मुलानं" म्हणजे हर्षदीप दुर्गेनं. पीएचडीचं पाचवं वर्ष, प्रबंध लिहून तयार. गुरुवारी समिती बसणार होती. दोषी ठरला तर नोंदणी रद्द, पाच वर्षं पाण्यात, आणि नावापुढं डॉक्टर लागायच्या जागी कायमचा शेरा.

"तो काय म्हणते?"

"दोनच वाक्यं. फायली मी बदलल्या नाहीत. आणि केंद्राच्या वहीतल्या सह्या माझ्याच आहेत." चिंतलवारांनी ती वही पुढं सरकवली. "आता सांगा, अशा माणसाला वाचवायचं कसं?"

२

हर्षदीप जैनथच्या बसस्टँडवर भेटला. त्याचे वडील खुशाल आणि धम्मपाल चौथीपर्यंत एका पाटीवर शिकलेले. पाचवीला धम्मपाल आदिलाबादला गेले, खुशाल दुसऱ्याच्या शेतावर गेला. त्यामुळे पोरगा त्यांना काका म्हणायचा.

"चहा घे."

"नको काका. तुमी समितीवर हाय. चहा पाजला म्हणतीन."

"मीच पाजून राह्यलो ना बे. तू कुठं पाजून राह्यला?"

पोरगा कसनुसं हसला. दोन आठवड्यांत त्याचे गाल आत गेले होते. धम्मपालांनी वही उघडली. रोजच्या नोंदीपुढं यंत्र चालवणाऱ्याची सही, असा नियम. जुलैच्या सह्या पाहिल्या तर एक निळी, एक काळी, एक शाई संपत आलेल्या पेनाची, एक घाईत रेघेबाहेर गेलेली. पाच ऑगस्टपासून मात्र एकच पेन, एकच कल, एकच दाब. मागच्या पानावर बोट फिरवलं तर उठावही सारखा.

"हे एका बैठकीत केलेले दस्तखत हाय," धम्मपाल म्हणाले.

हर्षदीपनं मान खाली घातली. "होय."

"म्हणजे त्या एकोणीस दिवसांत तू छतावर नव्हता."

"नव्हतो."

"मंग यंत्र कोणं चालवलं?"

"ते मी सांगणार नाई. त्याची नोकरी कंत्राटी हाय."

"आन् तू कोठी होता?"

हर्षदीप उठून उभा राहिला. गुडीहत्नूरची बस लागत होती, माणसं दाराशी रेटत होती. "काका, ते सांगतलं तर मी वाचत नाई, उलटा बुडतो. अन् माह्या बापाले ते ऐकवू नका."

३

गोदाम मारोतरावांचं. भाजीपाल्याचा व्यापार, खाली वांग्यांची पोती, वर कॉलेजच्या अँटेना. धम्मपाल वायरलेसवाले आहेत कळताच मारोतराव त्यांच्यावर घसरले.

"तुमीच सांगा जी, हे कोणतं नेट? दिवसभर घोड्यावानी पळते अन् सहा वाजले का मरते! माह्या प्रीतीचा क्लास सहालेच असते. पोरगी नीटची तयारी करून राह्यली अन् इकडं मास्तर तोंड उघडून थिजलेला!"

"सहालेच काऊन मरते?"

"हे यंत्र शेताकडे पाहते ना तवा! पंकज सांगते, का एका डोळ्यानं दोन कामं होत नाई. मी म्हणतो, मंग दुसरा डोळा लावा! पैसा सरकारचा, डोळा गावाचा!"

पंकज केंद्राचा तंत्रज्ञ. जिन्यात उभा राहून ऐकत होता. धम्मपालांनी त्याला सरळच विचारलं, ऑगस्टमध्ये संध्याकाळी तू कुठं होतास.

"मी? मी साडेपाचच्या ऑटोनं घरी जातो, साहेब. संध्याकाळचं काम हर्षदीपचं."

"काय थापा मारते बे!" मारोतराव उसळले. "रोज मी तुले मोबाईलच्या एका दांडीवर आवाज पाठवतो ना, 'नेट गेलं, नेट गेलं'! अन् तू वरून काय म्हणते? 'मामा, चाळीस मिन्टं थांबा.' वरूनच वरडत होता की, हे पाहा माह्या फोनात!"

त्यांनी फोन काढला. पाच ऑगस्ट, सहा वाजून चार मिनिटं: मारोतरावांचा आवाज, नेट गेलं. सहा ऑगस्ट, सहा वाजून दोन मिनिटं: नेट गेलं, आणि प्रीतीच्या मास्तरच्या नावानं एक शिवी. धम्मपालांनी एकेक तारीख ऐकली. तेवीस ऑगस्टपर्यंत एकही संध्याकाळ चुकलेली नव्हती. मारोतरावांसारखा तक्रारखोर माणूस सरकारी नोंदवहीपेक्षा भरवशाचा निघाला.

याचा अर्थ स्वच्छ होता. नेट मेलं, म्हणजे नजर शेताकडे वळली होती. एकोणीसही दिवस खरी नोंद झाली होती. कोणी आळसानं नक्कल चिकटवली नव्हती. खऱ्या फायली होत्या, आणि नंतर कोणीतरी त्या पुसून त्यांच्या जागी नक्कल बसवली होती.

पंकज पायरीवर खाली बसला. "हर्षदीपनं हात जोडले होते साहेब. वीस दिवस सांभाळ म्हणे. मी बटन दाबलं, फाईल कॉलेजात गेली. पुढचं मले माईत नाई. देवाशप्पथ नाई."

"त्या फायलीत काय दिसे?"

"काईच नाई. पाऊस होता, पानं ओली. राहीबाई शेतात शिरली का गायब. मी रोज पाहो, काळंकुट्ट."

पंकजनंच घर दाखवलं; राहीबाई ओसरीवर सोयाबीन पाखडत होत्या. पन्नाशीच्या, काटक. त्यांना यंत्राचं फारसं कौतुक नव्हतं.

"चाललो ना मी रोज. चिखलात पाय रुते, तरी चाललो. विंचू निंगाला तं कोण भरन, हे यंत्र?"

"चार ऑगस्टले पण गेल्या होत्या?"

"तारीख कोण ध्यानात ठेवते, दादा?"

"श्रावणातला सोमवार होता," पंकज म्हणाला. "त्याच दिवशी बोअर बंद पडलं होतं, राहीमावशी."

"हां! त्या दिवशी!" राहीबाई हसल्या. "नळाले पाणी नाई. मी म्हटलं नदीकडूनच आणतो, अन् जाता जाता तुमची रेघबी मारतो. डोक्यावर पाण्याचा पितळी गुंड घेऊन चाललो. हे दोघं वरून बोंबलून राह्यले, 'मावशी, गुंड ठेवा, गुंड ठेवा!' म्या म्हटलं, तुमी आणून देता का पाणी?"

धम्मपालांनी पाखडण्याचा आवाज थांबेपर्यंत वाट पाहिली. "हे दोघं, म्हणजे कोण?"

"हा पंकज, अन् दुर्ग्याचा हर्षदीप."

तो लखलखीत पांढरा ठिपका माणसाचा नव्हता. कापसाच्या वर तरंगत चाललेला पितळेचा गुंड होता.

४

रश्मी याच प्रकल्पावर दुसरी संशोधक. सगळ्या नोंदींचा हिशेब करून निष्कर्ष काढणं तिचं काम. कॉलेजच्या वाचनालयात ती दाराकडे तोंड करून बसली, येणारं-जाणारं दिसावं म्हणून.

"ऑगस्टच्या फायली तुमी पाह्यल्या नाहीत?"

"नाही. ऑगस्टचं मीच बघतो, असं सर म्हणाले. अठ्ठावीस तारखेला अहवाल जायचा होता. माझ्याकडे चार तारखेपर्यंतच्याच होत्या."

"चार तारखेची कशी वाटली?"

"ती मी धरलीच नाही." तिनं यादी दाखवली. चार ऑगस्टवर आडवी रेघ होती. "हर्षदीपनं त्याच संध्याकाळी कळवलं होतं." तिनं फोन पुढं केला. चार ऑगस्ट, सहा पन्नास: आजचा दिवस धरू नको. राहीबाईच्या डोक्यावर गुंड होता. सगळी चमक त्याचीच.

"हे सरांले सांगतलं?"

"सरांनी विचारलं नाही. ते निष्कर्ष विचारतात, गाळलेले दिवस नाही."

"अन् छतावर ते कधी येतात?"

"उद्घाटनाला आले होते."

"पाच तारखेनंतर हर्षदीप छतावर नव्हता, हे तुमाले ठाव होतं?"

रश्मीचा चेहरा खरोखर कोरा झाला. "नव्हता? सहा ते सात त्याचा फोन बंद असायचा. मला वाटायचं वर आहे." तिनं दाराकडे एकदा पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाली, "काका, माझा प्रबंधही सरांकडेच आहे. गुरुवारी विचारलंत तर मी खरं सांगेन. पण मला आधी विचारू नका. शेवटी विचारा. तेवढा वेळ तरी धीर गोळा होईल."

धम्मपाल बाहेर पडले तेव्हा त्यांच्याकडे अर्धं कोडं सुटलेलं होतं. उरलेलं अर्धं हर्षदीपच्या तोंडात होतं.

५

ते तोंडातून काढावं लागलं नाही. जैनथच्या बुद्धविहारासमोर चपला काढताना सुधाकरराव भेटले. निवृत्त शिक्षक, डोळ्यांवर हिरवा चष्मा.

"मोतिबिंदू काढला ना ऑगस्टात," ते म्हणाले. "वर्षावास चालू, अन् ग्रंथ वाचणारा मीच. डॉक्टर म्हणे वीस दिवस अक्षर पाहायचं नाई. पण वाचन खंडू द्यायचं नाई ना, जी! मंग हर्षदीपनं वाचलं. रोज सहा ते सात. पाच तारखेपासून तेवीसपर्यंत. काय वाचलं पोरानं! बाया पदर लावून रडे. खुशाल तं पहिल्या रांगेत बसे, मान अशी ताठ."

धम्मपालांच्या स्वतःच्या वस्तीतही वर्षावासाचं वाचन चालायचं. आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत, मजुरीवरून आलेली माणसं हातपाय धुऊन येतात आणि कोणीतरी शिकलेला त्यांना वाचून दाखवतो. वस्तीत एवढं शिकलेला एकच पोरगा असेल आणि सगळी वस्ती दारात आली, तर तो पोरगा काय म्हणणार? मला सहाला अँटेनापाशी जायचं आहे?

हर्षदीप विहाराच्या मागच्या ओट्यावर सापडला.

"सांगून टाक आता," धम्मपाल म्हणाले. "सुट्टी काऊन मांगितली नाई?"

"मांगितली काका. सरांच्या खोलीत जाऊन मांगितली. सर म्हणे, 'अर्ज करू नकोस, अर्ज केला तर प्रकल्पाच्या दिवसांत खंड दिसतो. पंकजला सांग, तो बटन दाबेल. तू जा, वाच. वहीत सह्या मागाहून करून टाक.' म्या म्हटलं किती मोठ्या मनाचा माणूस."

"लेखी काही?"

"गाइड बोलला म्हणजे झालं ना काका. आमी कोणं लिहून मांगते?"

हीच ती चूक होती. ज्याच्या घरात आजवर कोणी गाइड पाहिला नव्हता, तोच ही चूक करू शकत होता. ज्यांच्या घरात दोन पिढ्या प्राध्यापक आहेत, ती पोरं अर्जाची पोच घेतात.

"आता ऐक," धम्मपाल म्हणाले. "कोणं केलं ते मले समजलं. पण ते सिद्ध करायचं तं तू एकोणीस दिवस विहारात होता, हे लिहावं लागते. तेच लिहिलं का सह्या खोट्या ठरते. ते गाळलं तं माझा तर्क लंगडा. तू सांग, लिहू का नको?"

हर्षदीपनं ओट्याच्या फरशीवर बोटानं एक रेघ ओढली.

"त्या खऱ्या फायली गेल्या, हे जास्त लागते काका. ओल्या पिकात माणूस दिसत नाई, हेपण उत्तरच होतं. कोणाच्या तरी कामाचं उत्तर." मग त्यानं वर पाहिलं. "लिहा. खोटी सही केली म्हणून काढा मले. खोटं शेत बनवलं म्हणून नको."

६

गुरुवारी समितीच्या खोलीत प्राचार्य, संस्थेचे एक विश्वस्त, डॉ. चिंतलवार आणि धम्मपाल असे चौघे होते. हर्षदीप आणि पंकज भिंतीशी, रश्मी दाराजवळ.

धम्मपालांनी अहवाल वाचला नाही, सांगितला.

"पहिली गोष्ट. खऱ्या नोंदी झाल्या होत्या. एकोणीसही दिवस सहाला गावाचं नेट मेलं. मारोतरावांचे आवाज हायत. म्हणजे फायली मागाहून बदलल्या. दुसरी गोष्ट. बदललेले दिवस कोणते? पाच ते तेवीस. हर्षदीप विहारात होता ते दिवस कोणते? पाच ते तेवीस. एक इकडं नाई, एक तिकडं नाई. चोवीसपासून हर्षदीप परत छतावर होता, तवाही नोंदी खराबच होत्या, पण त्याले कोणं हात लावला नाई; त्याच्या ते ध्यानात आलं असतं. म्हणजे बदलणाऱ्याले हर्षदीप कधी नव्हता ते पक्कं ठाव होतं. असे तीन जण. हर्षदीप स्वतः, पंकज, आणि ज्यांनी त्याले तोंडी परवानगी दिली ते."

"कसली परवानगी?" चिंतलवार शांतपणे म्हणाले. "मी दिलेली नाही. आणि तुमच्याच बोलण्यातून दिसतंय की हा गैरहजर होता. त्याच्या मागं पंकजनं नोंदी बिघडवल्या. ते झाकायला यानंच चांगली फाईल चिकटवली. सोपं आहे."

प्राचार्यांनी मान हलवली. ते खरंच सोपं होतं.

"तेच मीपण पाह्यलं," धम्मपाल म्हणाले. "म्हणून तिसरी गोष्ट. चिकटवली ती चार ऑगस्टची. त्या दिवशीचा ठिपका राहीबाईचा नाई, त्यांच्या डोक्यावरच्या पितळी गुंडाचा हाय. हर्षदीप अन् पंकज छतावरून 'गुंड ठेवा' म्हणून ओरडले. ओल्या कापसाचं खोटं चित्र बनवायचंच तं त्या दोघांनी सगळे दिवस सोडून नेमका हाच कुचकामी दिवस काऊन उचलला असता? ज्याले गुंड ठाव नव्हता, त्यानंच हा उचलला. चित्र चांगलं दिसते म्हणून."

धम्मपालांनी अहवालाचं ते पान उघडून टेबलावर ठेवलं.

"अहवालात त्या चित्राखाली वाक्य हाय. 'अंगावर धातूची एकही वस्तू नसताना.' हे कोणी लिहिलं ते मी विचारत नाई. ते सरांनीच मले सांगतलं होतं."

"विद्यार्थ्यानं दिलं ते मी छापलं," चिंतलवार म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज एक पायरी चढला. "गुंडाबद्दल यानं कधी कोणाला सांगितलं?"

"रश्मीताई," धम्मपाल म्हणाले.

रश्मी उभी राहिली. फोन पुढं धरून तिनं एका दमात वाचलं. चार ऑगस्ट, सहा पन्नास. आजचा दिवस धरू नको. ती वाचून बसली आणि पुढं सगळा वेळ तिनं मान वर केली नाही.

तीन जणांना ठाऊक होतं की हर्षदीप नाही. त्यांतल्या दोघांना ठाऊक होतं की गुंड आहे. उरला एक. धम्मपालांना ते नाव घ्यावं लागलं नाही. विश्वस्तांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"आपण विचार करून कळवू," प्राचार्य म्हणाले.

जिन्यात चिंतलवारांनी धम्मपालांना गाठलं. राग नव्हता, थकवा होता. "नगराळे, प्रकल्प बंद पडला तर ते छत, ती पोरं, त्या गावाचं नेट, सगळं जाईल. तुम्ही तर वायरलेसमध्ये होता. पावसात सेट लागायचा नाही, तेव्हा काय लिहायचात?"

"'लागत नाही,' असं लिवत होतो, सर."

७

आदेश दहा दिवसांनी आला. एक प्रत कॉलेजात, एक हर्षदीपला, एक समितीचे बाहेरचे सदस्य म्हणून धम्मपालांना. ती वाचून धम्मपालांनी सदरा चढवला आणि जैनथची बस धरली.

खुशाल दारातच बसला होता. आत हर्षदीपची आई चुलीशी, हर्षदीप कुठंतरी गेलेला.

"कागद आला, धम्मा," खुशाल म्हणाला. "पोरगं वाचून सांगत नाई. 'बाबा, झालं' एवढंच म्हणते. तू वाच. गाळू नको काई."

धम्मपालांनी कागद उलगडला. आयुष्यभर त्यांनी परक्यांचे निरोप वाचले होते, मरणाचे, बदलीचे, दंगलीचे, आणि कधी शब्द खालीवर केला नव्हता. आत्ता ते करावंसं वाटलं. केलं नाही. इंग्रजी मजकूर शब्दाला शब्द ठेवून मराठीत सांगत गेले.

"'ऑगस्ट महिन्यातील नोंदींची पुनरावृत्ती ही माहिती साठवण्यातील त्रुटी असून तीस कोणा एका व्यक्तीस जबाबदार धरता येत नाही. प्रकल्प डॉ. विनय चिंतलवार यांच्या नेतृत्वाखाली पुढे चालू राहील. तथापि, संशोधक विद्यार्थी हर्षदीप खुशाल दुर्गे हे एकोणीस दिवस केंद्रावर गैरहजर असताना त्यांनी नोंदवहीत स्वाक्षऱ्या केल्याचे सिद्ध झाले आहे. सबब त्यांची नोंदणी रद्द करण्यात येत आहे.'"

"सिद्ध झालं म्हणते. कोणं केलं सिद्ध?"

कागदात पुढची ओळ होती. धम्मपालांनी ती वाचली.

"'हा निष्कर्ष समितीचे सदस्य श्री. धम्मपाल नगराळे यांच्या अहवालावर आधारित आहे.'"

आतली भांडी वाजायची थांबली.

"म्या त्याले वाचाले बसवलं," खुशाल म्हणाला. "माह्या हौसेनं."

"खुशाल..."

"थांब. त्या कागदात पोरगं चोर हाय असं लिहिलं का?"

"नाई."

"खोटं शेत बनवलं, असं?"

"नाई. तसं कोठी नाई."

खुशालनं उजवा हात लांब केला, कागद घेतला, उलटासुलटा पाहिला आणि परत धम्मपालांच्या हातात दिला.

"मंग पुन्हा वाच," तो म्हणाला. "जरा जोरात. तिलेपण ऐकू येऊ दे."

धम्मपालांनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.